हाताच्या अंतरावरची तात्याना

रशियन संगीतकार चायकोव्स्कीच्या 'येवगेनी ओनेगिन'ला सगळं जग ऑपेरा म्हणतं. त्याने स्वतः मात्र त्याला 'तीन अंकांतले गीतमय प्रसंग' म्हटलं होतं. पहिला प्रयोगसुद्धा त्याने बड्या सरकारी थिएटरच्या गळ्यात घातला नाही. तो झाला २९ मार्च १८७९ रोजी, मॉस्कोच्या माली थिएटरमध्ये, तिथल्या कॉन्झर्व्हेटरीच्या, म्हणजे संगीत विद्यालयाच्या, विद्यार्थ्यांकडून. संचालन निकोलाय रुबिनश्टाइनचं. कसलेले, पोट सुटलेले टेनर, म्हणजे चढ्या आवाजाचे गायक, आणि चाळिशी ओलांडलेल्या नायिका त्याला नको होत्या. मूळ पद्य कादंबरी लिहिणाऱ्या पुश्किनची नायिका तात्याना खेड्यातली, पुस्तकांत बुडालेली पोरगी आहे, ती पोरगीच दिसली पाहिजे असा त्याचा हट्ट होता. मॉस्कोच्या बड्या बोल्शोई थिएटरात हा ऑपेरा गेला तो १८८१ मध्ये, पीटर्सबर्गला १८८४ मध्ये, आणि मग तो हळूहळू मोठमोठ्या झुंबरांखालीच गाजला.

मला हे सगळं नंतर कळलं. आधी कळलं ते एवढंच, की आमच्या इथल्या, म्हणजे दक्षिण लंडनमधल्या, एका छोट्या मंडळाला कोरससाठी आल्टो, म्हणजे बायकांचे खालच्या पट्टीतले, आवाज हवे आहेत. मुख्य भूमिकांत संगीताचं शिक्षण संपवून नुकतेच बाहेर पडलेले गायक, कोरसमध्ये नोकरी-संसार सांभाळून गाणारे आमच्यासारखे, आणि थिएटर म्हणजे एका जुन्या चर्चचा हॉल. खुर्च्या सत्तर. रंगमंच नाहीच. मधली लाकडी जमीन हाच रंगमंच, तिच्या तीन बाजूंना खुर्च्या आणि चौथ्या बाजूला पियानो, दोन व्हायोलिनं, चेलो, ओबो आणि हॉर्न. मूळ वाद्यवृंदात नुसते हॉर्नच चार आहेत, त्यावरून काय ते समजा. कोरस आठ जणांचा. शेतकरी आम्हीच, बोरं-बेरी तोडणाऱ्या मुली आम्हीच, नाचाला आलेले पाहुणे आम्हीच, आणि खुर्च्या हलवणारेही आम्हीच.

माझं शिक्षण गांधर्व महाविद्यालयाच्या मध्यमापर्यंतचं. तानपुरा लावून बसायचं, सा पक्का करायचा, आणि वर्गात वीस जणी असल्या तरी सगळ्यांनी एकच सूर गायचा. इथे नेमकं उलटं. शेजारणीच्या सुरापासून लांब राहायचं आणि तरी तिच्याशी बांधलेलं असायचं. आल्टोची ओळ एकटी गाऊन पाहिली तर ते गाणं वाटतच नाही. दोन-तीन सुरांत घुटमळत बसल्यासारखं वाटतं. घरी नवरा म्हणाला, "अगं, चाल कधी सुरू होणार?" त्याला म्हटलं, चाल दुसऱ्या बाईकडे आहे.

स्टाफ नोटेशन मला वाचता येतं, पण डोळ्यांना, गळ्याला नाही. म्हणून मी सगळं सरगममध्ये उतरवून घेतलं. आता अडचण अशी, की चायकोव्स्की चार ओळींत दोनदा घर बदलतो. सा सारखा हलवायला गेलं तर वहीभर नुसती खाडाखोड. शेवटी पांढरी एक हाच कायमचा सा धरला, पट्टी कुठेही जाऊ दे, आणि कोमल-तीव्रांची गर्दी मुकाट्याने सहन केली. आमचे संचालक, जे पियानोही वाजवत, माझी वही हातात घेऊन बराच वेळ पाहत होते. मग त्यांनी, तात्याना ओनेगिनला पत्र लिहिते त्या प्रवेशाबद्दल, विचारलं, "पत्राचा प्रवेश तुमच्या हिशेबात कुठे आहे?" डी फ्लॅट मेजर, म्हणजे काळी एक. ते म्हणाले, "बघा, आम्हाला पाच फ्लॅट लिहावे लागतात."

रशियन शिकवायला एक निवृत्त शिक्षिका यायच्या, मूळच्या पीटर्सबर्गच्या, पाठीचा कणा अगदी ताठ. पहिल्याच दिवशी त्यांनी नावावरून सुरुवात केली. 'ओनेगिन' नाही, 'अन्येगिन'. ज्या ओ-वर जोर नाही तो ओठ गोल करून म्हणायचा नाही. बाकीच्या सात जणांनी शब्द रोमन लिपीत लिहून घेतले आणि त्यांची बऱ्यापैकी फरफट झाली. मी देवनागरीत लिहिले. रशियनमध्ये आपल्या चहातला च आणि चाऱ्यातला च असे दोन्ही आहेत, आणि ते वेगळे ठेवावे लागतात. मराठी माणसाला त्यासाठी कष्ट नाहीत. 'द्येवीची, क्रसावीची' या बेरी तोडणाऱ्या मुलींच्या गाण्यात दोन्ही ठिकाणी चाऱ्यातला च. मी त्याच्याखाली टिंब देत गेले. फक्त एक स्वर असा आहे, की 'ई' म्हणायला ओठ तयार करायचे आणि जीभ मात्र मागे ओढायची. तो मला कधीच मनासारखा जमला नाही. बाईंना बहुधा जमलेला वाटला, किंवा त्यांनी नाद सोडला.

शब्दांमागचा अर्थ त्या आधी सांगत, उच्चार मग. शेतावरून परतणारे लोक पहिल्या प्रवेशात जे गातात, त्यात पाय चालून दुखतात, हात काम करून दुखतात आणि काळीज काळजीने दुखतं. एक जण ओळ उचलतो आणि बाकीचे ती झेलतात. मालकीणबाई लारिना म्हणते, छान, आता काहीतरी आनंदी म्हणा. म्हणतात बिचारे. मोठ्या थिएटरमध्ये हा शंभर जणांचा रंगीबेरंगी देखावा असतो. आम्ही आठ जण घामेजलेले, शिकवल्याप्रमाणे धान्याची पेंडी मालकिणीच्या पायाशी ठेवून उभे राहिलो, आणि ती 'आनंदी म्हणा' म्हणाली तेव्हा आमच्यातल्या एका बास गाणाऱ्या गृहस्थांनी तालमीत नकळत उसासा सोडला. दिग्दर्शिका म्हणाली, तो ठेवा.

तालमी सुरू झाल्या तेव्हा तिने आम्हाला एका घराची गोष्ट सांगितली. स्तानिस्लाव्स्की, ज्याचं नाव नाटकवाले अभिनयाच्या पद्धतीसाठी घेतात, त्याने १९२२ मध्ये हाच ऑपेरा स्वतःच्या घरात केला होता. मॉस्कोतल्या लिओन्त्येव्स्की गल्लीतलं ते घर. तिथल्या हॉलमध्ये छत पेलणारे चार पांढरे खांब आहेत. खांब काढता येईनात, तेव्हा त्याने ते नाटकातच घेतले: कधी ते लारिनांच्या घराचा व्हरांडा झाले, कधी तात्यानाच्या खोलीचा कोपरा, कधी नाचघर. समोर ओळीने बसलेली थोडी माणसं, साथीला वाद्यवृंदाऐवजी पियानो. पुढे ते चार खांब त्याच्या ऑपेरा थिएटरचं बोधचिन्हच झाले. "आपल्याकडे खांब नाहीत," ती म्हणाली, "आपल्याकडे रेडिएटर आहेत." आणि खरंच, दुसऱ्या दिवसापासून भिंतीलगतचा तो जुना बिडाचा रेडिएटर म्हणजे तात्यानाची खिडकी झाला. ती त्याला टेकूनच रात्र काढते.

जमिनीवर रंगीत टेप लावून तालमी चालल्या होत्या तोवर सगळं सोपं होतं. मग एका संध्याकाळी दिग्दर्शिकेने सत्तर खुर्च्या मांडल्या आणि आम्हालाच त्यांत बसवलं. समोर तेच गाणं, तीच माणसं, पण टेनर गायला लागला आणि मी मागे रेलले. तीन फुटांवरून ऑपेराचा आवाज म्हणजे काय हे ज्याने अनुभवलं नाही त्याला सांगता येणार नाही. कानाआधी तो छातीला लागतो. त्या टेनरच्या, म्हणजे ओनेगिनचा मित्र लेन्स्की याच्या, गळ्याची शीर दिसते. 'श' म्हणताना दिव्याच्या उजेडात उडालेले थुंकीचे कण दिसतात. श्वास कुठे चोरला तेही कळतं. दिग्दर्शिकेचं म्हणणं एकच होतं, पुन्हा पुन्हा: "शेवटच्या रांगेसाठी काहीही करू नका. इथे दुसरी रांग हीच शेवटची आहे." हात पसरायचे नाहीत, छातीवर ठेवायचे नाहीत. ओनेगिन करणाऱ्या बॅरिटोनला, म्हणजे मधल्या पट्टीच्या गायकाला, हे सगळ्यात जड गेलं. हात ठेवायचे कुठे, हा प्रश्न त्याला शेवटच्या आठवड्यापर्यंत पडलेला होता.

ऑपेराची सुरुवात मुरांब्याने होते. आई लारिना आणि दाई फिलिप्येव्ना अंगणात बेरींचा मुरांबा करतायत, आतून दोघी मुलींचं गाणं ऐकू येतं, आणि ते ऐकत या दोघी म्हाताऱ्या स्वतःच्या लग्नांबद्दल बोलतात. चौघींचे चार वेगळे मजकूर एकमेकांत मिसळतात. आईचं निरीक्षण असं, की सवय ही देवाने दिलेली देणगी आहे, सुखाच्या बदल्यात. आमच्या दिग्दर्शिकेला मुरांबा खराच हवा होता. आग चालणार नाही असं हॉलच्या व्यवस्थापनाचं म्हणणं, म्हणून टेबलावरच्या कापडाखाली इंडक्शनची शेगडी लपवली, वर पितळी रंगाचं पातेलं, त्यात गोठवलेल्या स्ट्रॉबेरी आणि साखर. सगळ्या हॉलभर तो वास भरायचा. मला वाटलं होतं हे उगाच थेर आहेत. पण तो वास जातच नव्हता. तात्याना मध्यरात्री पत्र लिहायला बसली तरी हवेत साखर होती, आणि दुसऱ्या दिवशी ओनेगिन तिला समजावून सांगायला आला तेव्हाही होतीच.

पत्राचा प्रवेश. त्याबद्दल थोडं सविस्तर.

चायकोव्स्कीने १८७७ च्या उन्हाळ्यात हा प्रवेश सगळ्यांच्या आधी लिहायला घेतला. कथानक त्याला गायिका लाव्रोव्स्कायाने त्याच वर्षी मे महिन्यात सहज बोलता बोलता सुचवलं होतं. त्याच सुमारास त्याला खऱ्या आयुष्यात अंतोनिना मिल्युकोवा नावाच्या मुलीची प्रेमपत्रं येत होती. त्याचा जीव तात्यानात गुंतलेला आणि राग ओनेगिनवर; आपण असं कुणाला झिडकारायचं नाही, या भरात त्याने जुलैत तिच्याशी लग्न केलं, आणि शरद ऋतू सरायच्या आत ते मोडलं. माणसाने ऑपेरा मनावर घ्यावा, पण इतका घेऊ नये.

तात्याना पहिल्यांदाच भेटलेल्या माणसाला रात्रभर जागून पत्र लिहिते. एकटी बाई, एक टेबल, जवळजवळ पाव तास. मोठ्या थिएटरमध्ये ती कागदावर लेखणी फिरवल्यासारखं करते आणि भागतं. इथे पहिल्या रांगेतल्या माणसाला कागद दिसतो. म्हणून आमची तात्याना खरंच लिहायची: रशियनमध्ये, टाक बुडवून, दर वेळी नवं. लिहिता लिहिता ती थांबते, 'छे, हे नाही, पहिल्यापासून लिहिते' म्हणते आणि कागद फाडते. ते फाटलेले कपटे उचलणं हे माझं काम, कारण पुढच्या प्रवेशात आम्ही बेरी तोडणाऱ्या मुली तिथूनच बाहेर पडायचो. कपट्यांवर अर्धवट शब्द असायचे, शाई ओली असायची. एकदा माझ्या ॲप्रनला निळा डाग पडला तो अजून आहे.

ती लिहीत असताना ओबो हळूच खाली उतरणारी ओळ वाजवतो आणि हॉर्न तिला उत्तर देतो. मोठ्या थिएटरात रंगमंचापुढच्या वाद्यवृंदाच्या खड्ड्यातून हे दोन्ही आवाज एकत्र धुक्यासारखे येतात. आमच्याकडे ओबो वाजवणारी मुलगी तात्यानापासून दोन हातांवर बसलेली, तिची बोटं दिसायची. ती तात्यानाच्या लेखणीकडे बघून श्वास घ्यायची. पुष्कळ तालमींनंतर लेखणीची करकर, ओबोचा श्वास आणि सूर ही तिन्ही एका वेळी यायला लागली आणि तेव्हा मला हा प्रवेश पहिल्यांदा समजला. याला विरहगीत म्हणायचं नाही. ती काही सोसत नाहीये, ती ठरवतेय. 'मरण आलं तरी बेहत्तर' ही तिची पहिलीच ओळ आहे, आणि ती रडून म्हणायची नसते.

पत्राआधी तिचं दाईशी बोलणं होतं. 'तू कधी प्रेमात पडली होतीस का?' यावर फिलिप्येव्ना सांगते, की आमच्या वेळी असलं काही नव्हतं. माझं लग्न तेराव्या वर्षी झालं, माझा वान्या तर माझ्याहून लहान. रडत रडत माझी वेणी सोडली आणि गात गात चर्चमध्ये नेलं. दाईचं काम करणारी बाई इंग्लिश, साठीची, अनुभवी. ती हे फार दुःखाने गायची आणि दिग्दर्शिकेला ते पटत नव्हतं. मी मधे बोलले. म्हटलं, माझ्या आजीने तिच्या आईच्या लग्नाची गोष्ट आम्हाला नेहमी हसत हसतच सांगितली: नवरी मंडपात झोपली म्हणून तिला कडेवर घेऊन फेरे घातले, वगैरे. ऐकणारा थांबतो, सांगणारी थांबत नाही. त्या बाईंनी ते उचललं. पुढे प्रत्येक वेळी ती गोष्ट त्या हसत, पातेल्याचा तळ खरवडत म्हणायच्या, आणि प्रेक्षकांतही थोडं हसू यायचं, ते 'तेराव्या वर्षी'पर्यंत.

तिसऱ्या प्रवेशाच्या सुरुवातीला आणि शेवटी बेरी तोडणाऱ्या मुली पडद्याआडून गातात. पुश्किनने या गाण्याचं कारण देऊन ठेवलंय: मालकाच्या बेरी चोरून खाऊ नयेत म्हणून मुलींना गायचा हुकूम आहे. तोंड गाण्यात गुंतलं की खाता येत नाही. ऑपेरात हे कुणी सांगत नाही, गाणं गोडच आहे, पण एकदा कळलं की ते तितकं गोड राहत नाही. आम्ही चौघी हॉलच्या स्वयंपाकघरातून गायचो, सिंक आणि चहाच्या बरण्यांच्या मधे उभ्या राहून. संचालक दिसत नाहीत, पियानो पुसट ऐकू येतो, आणि लांबून गाताना सूर उतरतोच. दाराच्या फटीत एक मुलगा उभा राहून हाताने ताल पोचवायचा. मी एका कानात बोट घालून गायचे. ती आमच्या गाण्याच्या बाईंची शिकवण.

आणि त्या दोन गाण्यांच्या मधे ओनेगिन पत्र परत द्यायला येतो. बॅरिटोनने सुरुवातीला तो तिरसट, गर्विष्ठ केला होता. ओनेगिन म्हटलं की तसाच करायचा असा त्याचा समज. दिग्दर्शिकेने त्याला मजकूर मोठ्याने वाचायला लावला. काय म्हणतो तो? संसार करायचा असता तर मी तुलाच निवडलं असतं. मी तुझ्यावर भावासारखं प्रेम करतो. स्वतःला आवरायला शिक, कारण प्रत्येक जण तुला माझ्यासारखं समजून घेणार नाही. यातलं एकही वाक्य खोटं नाही, एकही उर्मट नाही. कुणाची विसरलेली छत्री परत करावी तितक्या सौजन्याने त्याने ते पत्र तिच्या हातात ठेवायचं, असं ठरलं. ते बघणं फार अवघड होतं. दुष्ट माणसाचा राग करता येतो. या सभ्य माणसाचं काय करायचं? माझ्या शेजारी बसून तालीम पाहणारी एक सोप्रानो, वय बावीस-तेवीस, पुटपुटली, "मला अगदी असाच मेसेज आला होता."

फोनवर आईला नाशिकला कथा सांगितली तेव्हा तिने शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे ती पत्र लिहिते, तो नाही म्हणतो."

"हो."

"मग तो मित्राला मारतो."

"द्वंद्वयुद्धात. मित्रानेच आव्हान दिलेलं असतं."

"आणि काही वर्षांनी हिचं मोठ्या घरात लग्न झाल्यावर याला प्रेम सुचतं."

"हो."

"आणि ती?"

"नाही म्हणते. मी दुसऱ्याची आहे, म्हणते."

"शहाणी आहे," आई म्हणाली. "पण त्याच्यावर प्रेम असतं ना अजून?" असतं, आणि ती ते तोंडावर सांगतेसुद्धा. त्यावर आई काही बोलली नाही, बटाटे महाग झालेत एवढं म्हणाली.

दुसऱ्या अंकात तात्यानाच्या नामदिनाची मेजवानी आहे, आणि इथे छोट्या जागेचा खरा फायदा. आम्हाला प्रेक्षकांतच बसवलं होतं. वाल्ट्झ सुरू झाला की आम्ही उठायचो आणि ओनेगिन-तात्याना नाचत असताना शेजारच्याच्या कानात कुजबुजत गायचो. पाहुण्या बायकांच्या तोंडी गावगप्पा आहेत: हा ओनेगिन अडाणी आहे, वेडगळ आहे, फ्रीमेसन आहे, आणि पेलेच्या पेले रेड वाइन पितो. मध्यंतर याच्या आधीच झालेलं. एका प्रयोगाला माझ्या शेजारी एक वयस्कर गृहस्थ होते, त्यांच्या हातात मध्यंतरात घेतलेला रेड वाइनचा ग्लास. मी ती ओळ थेट त्यांच्याकडे बघून गायले. भाषा कळत नव्हती, पण भिंतीवर इंग्रजी भाषांतराची पाटी सरकत होती. त्यांनी पाटी वाचली, ग्लास पाहिला, आणि हळूच खुर्चीखाली ठेवला. पण पुढे ओनेगिन चिडून आपल्या मित्राच्या प्रेयसीशी नाचायला लागतो, तेव्हा त्या गप्पा मारणारे आपणच होतो हे त्यांच्याही लक्षात आलं असावं. एकतर्फी प्रेमाची गोष्ट म्हणून हा ऑपेरा ओळखला जातो, पण त्यातला एक खून आमच्यासारख्या पाहुण्यांच्या तोंडामुळे होतो.

सगळंच जमलं असं नाही. भांडणानंतर लेन्स्की 'तुमच्या घरात' अशी ओळ उचलतो आणि हळूहळू सगळे मुख्य गायक आणि सगळा कोरस त्यात येतो. तिथे आठ आवाज कमीच पडतात. कितीही ताणा, छप्पर उडत नाही. तिसऱ्या अंकाच्या सुरुवातीचा पोलोनेझ हा दरबारी नाचही तसाच. ते संगीत म्हणजे साम्राज्याची राजधानी, तुताऱ्या, पायऱ्यांवरून उतरणारे सरदार. पियानो आणि पाच वाद्यांवर ते गावच्या बँडसारखं वाजतं. दिग्दर्शिकेने त्यात नाच ठेवलाच नाही. ओनेगिन एकटा उभा, आणि आम्ही खेडवळ कपडे उतरवून काळे कोट चढवत खुर्च्या सरळ करतोय. युक्ती चांगली होती, पण युक्ती म्हणून कळत होती. पुढचा एकोसेझ नाच आम्ही गाळला. तो मुळात नव्हताच, १८८५ मध्ये घातला गेला.

द्वंद्वयुद्ध मात्र नीट झालं, आणि त्यात गोळी मी झाडली. नकली पिस्तुलालाही इथे इतकी कागदपत्रं लागतात की मंडळाने नाद सोडला. त्याऐवजी बिजागरीने जोडलेल्या दोन फळ्या, दारामागे, माझ्या हातात. लेन्स्की आपलं शेवटचं गाणं म्हणतो, कुठे गेले ते सोनेरी दिवस; मग दोघे मित्र एकच ओळ एकामागून एक, एक जण जरा मागे राहून, गातात: आपण शत्रू कधीपासून झालो? हसून सोडून द्यावं का? नाही. नाही. एकाने थांबून दुसऱ्याकडे पाहिलं असतं तर संपलं असतं, पण चाल अशी बांधलीय की एकाचं संपेपर्यंत दुसऱ्याचं सुरू असतं. साक्षीदार झारेत्स्की तीन टाळ्या वाजवतो. मी फळ्या उघडून उभी. संचालकांची मान हलली की फटकन मिटायच्या. बंद खोलीत तो आवाज इतका कोरडा आणि जवळचा यायचा, की दर वेळी कुणीतरी किंचाळायचं. त्यानंतर ओनेगिन विचारतो, 'मेला?' साक्षीदार म्हणतो, 'मेला.' बस्स. पुश्किन स्वतः १८३७ मध्ये असाच द्वंद्वयुद्धात गोळी लागून गेला, हे रशियन प्रेक्षक कधी विसरत नसणार.

तिसऱ्या अंकात ग्रेमिन, तात्यानाचा नवरा, आपल्या बायकोबद्दल गातो: प्रेमापुढे सगळी वयं सारखीच. या भूमिकेसाठी एकच गाणं असतं. शेवटचा सूर पार खाली, काळी तीनवर उतरतो, आणि आमच्या बास गायकाने तो लावला की माझी खुर्ची थरथरायची. मोठ्या थिएटरमध्ये ग्रेमिन हा अडथळा वाटतो. चार फुटांवरून तो सुखी, चांगला माणूस दिसतो, आणि मग तात्यानाचं 'नाही' नुसतं कर्तव्य राहत नाही. लगेच ओनेगिनला आपण प्रेमात पडल्याचं उमजतं, आणि तो ते गातो तिच्याच चालीत, पत्राच्या रात्री तिने 'मरण आलं तरी बेहत्तर' म्हटलं होतं त्या. आता पत्र तो लिहिणार. चाल ओळखीची आहे हे प्रेक्षकांना कळतं की नाही, याबद्दल आमच्यात पैज लागली होती. पुष्कळांना कळायचं, पहिल्या रांगेतल्यांचे चेहरे सांगायचे.

शेवटच्या प्रवेशात आम्हाला काम नाही. प्रेक्षकांत बसून बघायचं. चायकोव्स्कीच्या पहिल्या आराखड्यात तात्याना ओनेगिनच्या मिठीत जाते आणि नवरा दारात येतो. नंतर त्याने ते बदललं. दिग्दर्शिकेने एका तालमीत तो जुना शेवट करून पाहायला लावला, आणि सगळ्यांनाच तो स्वस्त वाटला. नव्या शेवटात ती नाही म्हणून निघून जाते, आणि ओनेगिन आपल्या लाजिरवाण्या नशिबाच्या नावाने ओरडत पळतो. आमच्याकडे तो प्रेक्षकांच्या मधून, हॉलच्या मुख्य दारातून, थेट रस्त्यावर पळायचा. ते दार आपोआप कुलूपबंद होणारं. त्यामुळे टाळ्या सुरू झाल्या, सगळे ओळीने वाकून नमस्कार करायला उभे, आणि ओनेगिन बाहेर पावसात दार ठोकतोय, असं पहिल्याच रात्री झालं. उघडायला गेली ती तात्याना. त्यावर पडलेल्या टाळ्या रात्रभरातल्या सगळ्यात मोठ्या. दिग्दर्शिकेला ते अजिबात आवडलं नाही. दुसऱ्या दिवसापासून दारात वीट ठेवली.

मंडळाचं आता 'योलांता' करायचं चाललंय, चायकोव्स्कीचाच शेवटचा ऑपेरा, एका अंकाचा. मी वही काढून ठेवलीय. त्यात मुलींचा कोरस आहे, आल्टो लागणारच.